अप्पांच्या घरची लाइट

अप्पा आंघोळ अर्थिंगच्या खड्ड्यावर उभे राहून करायचे. घरामागे कडुनिंबाजवळ जमिनीत एक लोखंडी पाइप पुरलेला होता, त्याला जाड तार बांधलेली, भोवती मीठ आणि कोळसा भरलेला. पंचा नेसून ते तिथं उभे राहायचे आणि तांब्या-तांब्यानं असं पाणी घ्यायचे की थेंबही खड्ड्याबाहेर जाऊ नये. मी खोली बघायला गेले त्या सकाळी हेच चाललं होतं. मी तोंड फिरवून उभी राहिले.

"नव्या सिस्टर का तुमी?" अंग पुसत त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग तिकडं काय बघून राहिलात? इकडं बघा, शिकून घ्या. कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत न्हाई. जमिनीला ओल लागती. आता दुष्काळात ओल कुठून आणावी? म्हणून आंघोळ हितं."

मी भोकरची. नर्सिंग करून पहिलीच नेमणूक मिळाली ती उदगीरहून मुखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, जिथं लातूर जिल्हा संपतो आणि नांदेड सुरू होतो. आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीत राहायची सोय नव्हती. गावात मोकळी खोली एकच, ती अप्पांकडं. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे वर्ष. अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, आणि हा माणूस शहाणा आहे की वेडा, हा गोंधळ त्या सकाळपासून सुरू झाला. तो अजून पुरता मिटलेला नाही.

ते लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कुणी भेटलं की दोन्ही हात जोडून "शरणार्थ". उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एके काळी त्यांची आडत होती म्हणे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. आडत सोडून गावाबाहेरच्या या घरात ते का येऊन राहिले, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. ते सांगायला सुरुवातही करायचे. पण अप्पांची प्रत्येक गोष्ट मध्येच थांबायची. "मंग त्या दिशी मी दुकानाची चावी घेतली आन्..." असं म्हणून ते उठायचे आणि छपरावर निघून जायचे. पुढचं काही केल्या सांगायचे नाहीत.

खोलीची किल्ली त्यांनी मला पहिल्या दिवशी दिली नाही. आधी घर दाखवलं. घर म्हणजे घराची लाइट. स्लॅबवर लोखंडी सांगाड्यात दक्षिणेकडं तिरप्या बसवलेल्या निळ्या प्लेटा. "ही कमावणारी मंडळी. सावली पडली की रुसतात." मग जिना उतरून भिंतीवरचा एक छोटा डबा, त्यावर हिरवा दिवा. "हा कंट्रोलर. हा न्हाई लावला तर प्लेट बॅटरीला चारून चारून मारती. आन् अंधार पडला की बॅटरीतलं परत प्लेटीकडं पळाया बघतं, ते बी हाच अडवतो." आतल्या खोलीत लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग. "हितं साठतं. आन् हे डबडं इन्व्हर्टर. बॅटरीतला करंट एकाच दिशेनं चालतो, तुमच्या मिक्सरला मागं-पुढं होणारा लागतो. तो बदल हे करतं. मधी फ्यूज. काय बिघडलं तर आधी त्यानं मरायचं, म्हणजे बाकीचे वाचतात."

मग हात मागं बांधून उभे राहिले. "आता तुमी सांगा."

मी कंट्रोलर आणि इन्व्हर्टरची अदलाबदल केली. "उद्या या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बरोबर सांगितलं तेव्हा किल्ली मिळाली. मी सरकारी नोकरीच्या मुलाखतीत एवढी घाबरले नव्हते.

विजेचा खांब त्यांच्या फाटकासमोरच होता. त्यावरून तारा गावात गेलेल्या. हात लांब केला की कनेक्शन, पण अप्पांनी घेतलं नव्हतं. का, याची कारणं मी गोळा करत होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता. मला म्हणाले, "उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. आता लातूरच्या कागदावर मीटर घेतलं आन् उद्या जिल्हा बदलला तर मीटर कुणाचं?" नव्या जिल्ह्याची बोलणी तर तिथं प्रत्येक निवडणुकीला निघायची, पुन्हा विरायची. आमचं गाव कधी उदगीर जिल्ह्यात पडायचं, तर कधी पारावरचं कुणी ते सरळ नांदेडात ढकलायचं. किराणा दुकानदाराला अप्पांनी सांगितलं होतं की लाइनीच्या तारांचा गुणगुण आवाज त्यांना सोसत नाही. पोस्टमनला सांगितलं की वायरमन एकदा "शरणार्थ" न म्हणता घरात शिरला होता. यातलं खरं काय, असं मी एकदा सरळ विचारलं.

"तिन्ही," अप्पा म्हणाले. "आन् चौथं सांगत न्हाई."

त्यांचा एक शब्द गावात सगळ्यांना पाठ होता, 'अर्ध्याखाली न्हाई'. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही, ती लवकर मरते. हे ठीक. पण अप्पांनी तो नियम सगळ्यालाच लावला होता. रांजणातलं पाणी अर्ध्यावर आलं की ते तहान मारायचे. चहा अर्धा पिऊन कपावर बशी झाकायचे. मी पंखा लावला की थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सिस्टर, अर्ध्याखाली न्हाई!" आणि पंखा बंद व्हायचा. मी चिडायचे. मग दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातून आले की दारात झाकून ठेवलेली ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी असायची. भाकरी पुरी असायची, अर्धी नाही. यावर मी काय समजायचं?

त्या उन्हाळ्यात वारा सुटला की शेतातली माती उडून प्लेटांवर बसायची. अप्पा पहाटे छपरावर जाऊन प्लेटा जुन्या धोतराच्या फडक्यानं हलकेच पुसायचे. पाणी वापरायचे नाहीत. पण गावातून बघणाऱ्याला छपरावर काहीतरी धुणारा माणूस दिसायचा. शिवाय ती खड्ड्यावरची आंघोळ. आणि शिवाय कॅन. बॅटऱ्यांमधलं पाणी उन्हानं कमी होतं, त्यात शुद्ध केलेलं पाणीच भरावं लागतं. ते उदगीरहून प्लास्टिकच्या पांढऱ्या कॅनमधून एसटीनं यायचं. अप्पा फाट्यावर बस थांबवून कॅन उतरवून घ्यायचे आणि डोक्यावरून घरी आणायचे. मग डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा जुना गॉगल, हातात रबरी मोजे, आणि एकेका बॅटरीची बुचं उघडून चमच्या-चमच्यानं पाणी. पूजा करावी तशी ती खोली बंद करून ते हे काम करायचे.

गावात टँकर कधी यायचा, कधी नाही. त्यात हे कॅन सगळ्यांना दिसायचे. लोक बोलायला लागले. अप्पांच्या घराखाली टाकी आहे. ते पाणी जमिनीत लपवतात, तो पाइप त्याचाच. मी समजावून बघितलं, पण अर्थिंग म्हणजे काय ते सांगता सांगता माझीच भंबेरी उडाली.

सरूबाई माझ्याकडं नेहमी यायची, कारण तिची मुलगी मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मंगलचं सासर औशाकडं. आठवा महिना सरत आलेला, अंगावर सूज, आणि मी तिला सारखी पाणी प्यायला सांगत होते. सरूबाई उंच, दुसऱ्याच्या शेतात राबणारी, आवाज असा की टँकरच्या रांगेत सगळ्या बायका तिच्या मागं उभ्या राहायच्या. "सिस्टर, सांगणं सोपं हाय," ती मला एकदा म्हणाली होती. "पी म्हणता. काय पिऊ देऊ तिला?"

टँकर ज्या विहिरीवर भरायचा ती आटली आणि टँकर यायचाच थांबला. त्या आठवड्यात एका दुपारी मी जेवायला घरी आले तर फाटकात बायकांची गर्दी. पुढं सरूबाई. मंगलही आलेली, पायरीवर बसलेली, पदरानं वारा घेत. अप्पा दारात हात जोडून उभे.

"हे पाणी पिण्याचं न्हाई, अक्का," ते म्हणत होते.

"बॅटरी पिती आन् माणूस पीत न्हाई व्हय?"

"न्हाई. खरंच न्हाई."

"दाखव की मंग. आत काय काय हाय ते दाखव."

अप्पा दारातून हलले नाहीत. तेवढ्यात मागून रेटा आला आणि बायका त्यांना बाजूला सारून आत गेल्या. त्या काही लुटायला आल्या नव्हत्या, हे मी आजही सांगेन. त्यांना बघायचं होतं. पण बॅटऱ्यांच्या खोलीत कॅन दिसले, आणि मग कुणी थांबलं नाही. एकेक कॅन उचलून ओसरीवर यायला लागला. अप्पा मागून ओरडत होते, "जागा बदलू नका! अगं बायांनो, जागा बदलू नका!" कुणालाच त्याचा अर्थ कळेना. मलाही नाही. माणूस पाण्यासाठी ओरडतो, जागेसाठी काय ओरडतो?

सरूबाईनं एका कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला. वास नव्हता. स्वच्छ, पातळ, पाण्यासारखं पाणी. तिनं पेला भरून पायरीवरच्या मंगलच्या हातात दिला.

अप्पांना एवढ्या जोरात हलताना मी कधी पाहिलं नव्हतं. गर्दीतून ते कसे आले कोण जाणे. त्यांनी मंगलच्या हातावर फटका मारला. पेला उडाला, सरूबाईच्या हातातला कॅन आडवा झाला. पोटुशीवर हात टाकला म्हणून बायका किंचाळल्या. आणि मग सगळ्या एकदम गप्प झाल्या, कारण खालची शहाबादी फरशी फेसाळायला लागली होती. सोड्यात लिंबू पिळावं तसा फेस, बारीक चरचर करत.

"ॲसिड," मी म्हणाले. बॅटरीतलं ॲसिड; चुनखडीच्या फरशीवर पडलं की असंच फेसाळतं.

मंगलच्या मनगटावर आणि पायावर ते उडालं होतं. ती ओरडली तशी मी भानावर आले. तिला ओढून बाजूला घेतलं, माझ्या खोलीतला माठ आणला आणि तिच्या हातावर धार धरली. "पाणी आणा! जेवढं असेल तेवढं आणा, धार तुटू देऊ नका!" अप्पांचा रांजण कुणीतरी तांब्या-तांब्यानं उपसला. तोही संपला. समोर कॅन होते. "अप्पा, एक कॅन इकडं द्या," मी ओरडले.

"न्हाई! ह्यातलं एकबी न्हाई!"

तेव्हा बायका पळाल्या. आपापल्या घरी गेल्या आणि माठाच्या तळाशी, हंड्याच्या तळाशी जे उरलं होतं ते घेऊन आल्या. पाण्यासाठी आलेल्या त्या बायांनी घरातलं शेवटचं पाणी आणून मंगलच्या हातापायावर ओतलं. कुणी किती आणलं ते कुणी बघितलं नाही. मी धार धरून होते. कातडी लाल झाली, मनगटावर रुपयाएवढा फोड आला. तोंडाला काही लागलं नव्हतं. पोटातलं बाळ हलत होतं.

मी वर बघितलं तेव्हा अप्पा कॅन ओतून देत होते.

एकेक उचलायचा, फरशीवर उपडा करायचा. दुसऱ्या कॅनला फेस आला नाही. "पाणी हाय! आवं, पाणी हाय ते!" एक म्हातारी कळवळून म्हणाली. अप्पांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. तिसऱ्याला अगदी हलका फेस आला, आला न आला असा. तिथं ते थांबले. त्या फरशीकडं बराच वेळ बघत राहिले. मग बाकीचे सगळे ओतले, एकाही कॅनला फेस येतो का ते न बघता. ओसरीवरून पाणी अंगणात गेलं आणि भेगांमध्ये शिरलं. बायका बघत उभ्या होत्या. कुणी शिवीही दिली नाही. सरूबाईनं मंगलला उठवलं आणि सगळ्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरूबाई उपकेंद्रात आली. तिच्या लुगड्याचा काठ धुतल्यावर चाळणीसारखा झाला होता. तिनं तो माझ्यासमोर पसरला आणि त्या भोकातून बोट आरपार घातलं.

"हे पोटात गेलं असतं तर, सिस्टर?"

मी भोकाची कड चाचपली.

"त्यानं वाचवलं माझ्या लेकीला?" ती म्हणाली. "का त्यानंच मारायला ठिवलं व्हतं? का मीच पाजत व्हते? मला तर काईच कळंना गेलं."

मलाही कळेना. गावातही दोन बाजू पडल्या. एक म्हणे, देवमाणूस, वेळेवर धावला. दुसरी म्हणे, तहानलेल्या बायांसमोर चांगलं पाणी मातीत ओतणारा कसला देवमाणूस? दोघांचंही मला पटायचं.

मी अप्पांना विचारलं. ते आतल्या खोलीत बॅटऱ्यांसमोर स्टुलावर बसले होते. "दुसऱ्या कॅनात पाणीच होतं. फेस आला नाही. फरशीवर थेंब टाकून एकेक कॅन बघता आला असता. सगळं का ओतलं?"

"तो तिसरा," अप्पा म्हणाले. "तो मी पाणी म्हणून ठिवला होता."

मला लगेच समजलं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं, आणि ही त्यांची एकच गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकली. नव्या बॅटऱ्या आणल्या तेव्हा ॲसिडचे कॅन आले होते. थोडं उरलं, ते एका कॅनात ठेवलं. रिकामे झालेले धुऊन त्यातच उदगीरहून पाणी भरून आणायला लागले. कॅन सगळे सारखेच. कुठल्यात काय, ते कुणावर लिहिलं नव्हतं. फळीच्या डाव्या टोकाचा ॲसिडचा, बाकीचे पाण्याचे, हे त्यांच्या डोक्यात होतं. जागेवरून ओळखायचे. पण तिसऱ्या कॅनला फेस आला म्हणजे तो कधीतरी नीट धुतला गेला नव्हता.

"लोकांला प्लेट, कंट्रोलर पाठ करायला लावलं," ते म्हणाले. "आन् कॅनवर एक चिठ्ठी लावली न्हाई मी. एकात चुकलो तर बाकीच्यात चुकलो न्हाई हे कशावरून? थोडा फेस दिसला, त्याच्याहून थोडा असता तर दिसला नसता. कुण्या बाईला म्हणू की हे घे, पी?"

मग उठले आणि फ्यूज काढून घेतले. घरातली लाइट बंद झाली. मी म्हटलं, पाणी पुन्हा मागवू, कॅनवर नावं घालू. ते ऐकतच नव्हते. "आता बॅटरीला पाणी मागायचं न्हाई मला," एवढंच म्हणाले. मी हातपंख्यानं वारा घेत राहिले आणि त्यांची कीव करावी की त्यांच्यावर चिडावं हे मला ठरवता येईना. समोरच्या खांबावरून कनेक्शन तरी घ्या, असं सुचवलं तर उठून छपरावर गेले.

तोवर टँकर दुसऱ्या विहिरीवरून सुरू झाला होता. मंगलला मी उदगीरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, वजनानं कमी पण ठणठणीत रडणारी. त्यांना घेऊन गावात आलो तर गावचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेला. नवा कधी येणार कुणालाच ठाऊक नव्हतं. सरूबाईचं घर पत्र्याचं. भर उन्हात आत उभं राहवत नव्हतं. बाळाच्या अंगावर घामोळ्यांची पुरी चादर. मी सांगत होते ओलं फडकं ठेवा, सावलीत न्या. पण गावात सावली तरी किती उरली होती?

अप्पांनी हे कुणाकडून ऐकलं माहीत नाही. मी त्यांना सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी बाळाचं वजन करायला गेले होते तर दारात अप्पा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर छपरावरची एक प्लेट आडवी धरलेली. खांद्याला वायरीचं भेंडोळं, हातात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. एवढ्या उन्हात घरापासून चालत आले होते. चेहरा काळाठिक्कर पडला होता.

सरूबाई दारात उभी राहिली. बाजूला झाली नाही.

"शरणार्थ, अक्का," अप्पा म्हणाले. डोक्यावर प्लेट, त्यामुळं हात जोडता येईनात.

तिनं त्यांच्या डोक्यावरच्या प्लेटीकडं बघितलं.

"ह्याला बॅटरी लागत न्हाई. पाणी न्हाई, ॲसिड न्हाई, काईच न्हाई. ऊन असंल तवर पंखा फिरंल. ऊन गेलं की थांबंल."

आतून मंगल म्हणाली, "आये, त्यांच्या डोक्यावरचं वझं तर घे."

सरूबाईनं प्लेटीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती अंगणात दगडांना टेकवून तिरपी ठेवली. अप्पांनी वायर पत्र्याच्या फटीतून आत घेतली, पंखा जोडला. तो आधी घुटमळला, मग जोरात फिरायला लागला. मंगलनं बाळाचं दुपटं सोडलं. बाळानं हातपाय ताणले, जांभई दिली आणि झोपून गेलं. सरूबाई पंख्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. अप्पा आत आले नाहीत. अंगणात प्लेटीशेजारी उकिडवे बसून राहिले. तिनं त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं. ते सगळं त्यांनी पिऊन टाकलं.

थोड्या वेळानं पंख्याचा आवाज बदलला. पाती दिसायला लागली, मंद झाली. मला वाटलं वायर निघाली. मी बाहेर आले. सरूबाईही आली. अंगणातलं ऊन गेलं होतं. मुखेडच्या बाजूनं एक ढग आला होता, खालून काळा, चांगला मोठा. कित्येक महिन्यांत तसा ढग कुणी पाहिला नव्हता. शेजारची माणसंही घराबाहेर येऊन माना वर करून उभी राहिली. कुणीतरी हात जोडले.

आत पंखा थांबला आणि बाळ रडायला लागलं.

सरूबाईनं एकदा घराकडं बघितलं, एकदा आभाळाकडं. तोंडावर पदर धरून तिनं विचारलं, "अप्पा, आता ह्याला काय म्हणू? ये म्हणू का जा म्हणू?"

अप्पा प्लेटीवर हात ठेवून वर बघत होते.

"मला न्हाई कळत, अक्का," ते म्हणाले.